पुरी कुणाची?

(सांगलीच्या गावभागातून आलेलं पत्र. नाव-पत्ता गाळून, थोडं आवरून देत आहे.)

"वय 34. नवरा वर्षभरापासून दुबईत नोकरीला. तिथल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणून मार्चअखेर मी आणि आठ वर्षांचा मुलगा जाणार. प्रश्न मांजराचा आहे. 2019 च्या पुरानंतर घर धुवायला परत आलो तेव्हा माळ्यावर एक पिल्लू सापडलं. पुरात आलं म्हणून नाव पुरी. नवरा म्हणतो, तिथल्या पन्नास अंशात मांजर जगायचं नाही, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा तिथलंच एखादं पाळू. नणंद म्हणते, मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं, सोडून जा. मुलगा म्हणतो, पुरी नाही तर मीही नाही. विमानात तिला सामानाबरोबर टाकतात म्हणे, ते ऐकल्यापासून मला झोप नाही. सासरे (अण्णा, वय 71) काहीच बोलत नाहीत. विषय निघाला की उठून अंगणात जातात. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. आम्ही गेल्यावर अण्णा इथेच राहणार की मिरजेला दिरांच्या फ्लॅटवर जाणार, ते अजून ठरलेलं नाही. पुरी रात्री त्यांच्याच घोंगडीवर झोपते, बाजारातून तिचे मासेही तेच आणतात, म्हणजे त्यांना तिचा त्रासच आहे. तो त्यांच्या गळ्यात टाकून जाणं बरं दिसत नाही. काय करू?"

ताई,

आधी उन्हाचं बोलू. घरातला वाद उन्हावरून पेटलाय आणि नेमका तोच मुद्दा सगळ्यात कच्चा आहे.

पन्नास अंश हा आकडा तुमच्या यजमानांनी जरा चढवून सांगितला. जुलै-ऑगस्टमध्ये दुबईचा दुपारचा पारा 40-42 च्या घरात असतो, एखाद्या दिवशी 45 च्या वर जातो, आणि समुद्राकाठचा दमटपणा वेगळाच. म्हणजे त्रास आहे. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पुरी काय करते, ते आठवा. न्हाणीच्या फरशीवर ताणून देते आणि उन्हं उतरली की उठते. मांजर मुळात उन्हाळी जनावर आहे. आपल्या घरगुती मांजरांचा मूळपुरुष म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं रानमांजर. अरबस्तानच्या वाळवंटात त्याचे भाऊबंद आजही हिंडतात. मांजराच्या शरीराला काही खटपट न करता मानवणारं तापमान साधारण 30 ते 38 अंश. आपण पंख्याखाली बसतो तेव्हा ही फ्रिजमागची ऊब शोधत असते, ते उगाच नाही. त्या अर्थानं पुरी परदेशी चाललेलीच नाही, माहेरी चाललीय.

खरी अडचण अशी की तिथे तिला ऊन लागणारच नाही. एसी लावलेला फ्लॅट, बंद खिडक्या, चौदावा का विसावा मजला. गावभागातल्या मांजराचं घर म्हणजे चार खोल्या नव्हेत. अंगण, परसाची भिंत, शेजारचा पत्रा, त्यापलीकडचं कौलारू छप्पर, एवढी तिची जहागिरी. ती गेली की सहा वर्षांचं हिंडतं-फिरतं मांजर कधी सोफा ओरबाडतं, कधी दाराशी बसून रात्रभर ओरडतं, कधी नुसतं खात सुटतं आणि उशी होतं. जमवून घेतात बहुतेक सगळी. पण त्याला महिने लागतात, आणि घरातलं कुणीतरी रोज अर्धा तास तिच्यासमोर दोरी नाचवावी लागते. उंच इमारतीत आणखी एक धोका म्हणजे बाल्कनी. कबुतरावर झेप घेताना मांजर मजला मोजत बसत नाही. पुरी पोचण्याआधी बाल्कनीला जाळी हवी, नंतर नव्हे.

आणि घर बघतानाच विचारून घ्या, इमारतीत प्राणी चालतात का. बऱ्याच इमारतींत चालत नाहीत. दुबईत भाडेकराराची सरकारी नोंद होते, तिला इजारी म्हणतात. (आपला इजारा, इजारदार हे शब्द त्याच अरबी मुळाचे. पुरीच्या निमित्तानं मुलाला एवढं तरी सांगता येईल.) मालकाची परवानगी तोंडी घेऊ नका, करारात लिहून घ्या.

आता विमान. तुम्हाला झोप नाही म्हणता, म्हणून सविस्तर सांगते. दुबईला उतरणारं मांजर तुमच्या मांडीवर बसून जात नाही, ते मालवाहतुकीच्या कागदांवर जातं. तिथल्या मोठ्या विमान कंपनीच्या केबिनमध्ये पाकिस्तानच्या काही ठिकाणांसाठी ससाणा चालतो, मांजर चालत नाही. शेखांचे शौक, आपण काय बोलणार! पण 'सामानाबरोबर टाकतात' ऐकून घाबरू नका. जिवंत जनावरं ज्या कप्प्यात ठेवतात, तिथला हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनसारखाच असतो आणि तापमानही राखलेलं असतं. अंधार आणि आवाज मात्र असतो. मांजर घाबरतं, अंगाचं मुटकुळं करून बसतं आणि उतरल्यावर तुमच्यावर दोन दिवस रुसतं.

मुंबई ते दुबई तीन तास. सांगली ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर, गाडीनं आठ तास! जीव पुरीचा असो की तुमचा, तो या आठ तासांत जास्त टांगणीला लागणार आहे. पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता, मग महामार्ग, खंबाटकीची वळणं, पुण्याची कोंडी. मांजरांना गाडी लागते. निघण्याआधी पाच-सहा तास खाणं बंद, पाणी चालू. वाटेत काहीही झालं तरी पिंजऱ्याचं दार उघडायचं नाही, पेट्रोलपंपावर तर मुळीच नाही. मुंबईत शक्य असेल तर एक मुक्काम करा. आणि कुणी कितीही सांगितलं तरी झोपेचं औषध देऊ नका. गुंगीतल्या जनावराचा श्वास आणि रक्तदाब हवेत कधी घसरेल सांगता येत नाही, म्हणून विमान कंपन्यासुद्धा अशी जनावरं नाकारतात.

कागदपत्रांत लोक चुकतात ते क्रमात. आधी चिप, मग लस. तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध कातडीत टोचतात. तिचा नंबर 15 आकडी असायला हवा. त्यानंतर दिलेली रेबीजची लसच धरली जाते. लस आधी आणि चिप नंतर असं झालं, तर लस पुन्हा द्यावी लागते. लसीनंतर काही आठवडे थांबून रक्त तपासणीला पाठवायचं. रेबीज आपल्याकडे अजून आहे, म्हणून भारतातून येणाऱ्या मांजराच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं आहेत का, ते बघतात, मिलिलिटरमागे 0.5 आंतरराष्ट्रीय युनिट हा जगभर मानलेला उंबरठा. मांजरांची नेहमीची तिहेरी लस वेगळी. मग अमिरातीच्या पर्यावरण मंत्रालयाचा आयात परवाना, आणि सरतेशेवटी आपल्या केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेच्या मुंबई कचेरीतून आरोग्य दाखला. एकाला एक लागून सगळं मिळालं तरी चार-सहा महिने हाताशी धरा. नियम मधूनच बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, एजंटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. एजंट घ्यायचाच असेल तर पिंजरा, तपासणी, भाडं, त्याची फी, सगळं वेगवेगळं लिहून मागा. एकूण रक्कम तुमच्या दोघांच्या तिकिटांपेक्षा जास्त झाली तर दचकू नका.

हिशोब केलात ना? मार्चअखेरीला पुरी तुमच्याबरोबर जाऊच शकत नाही. पत्रात तुम्ही 'मार्चअखेर' असं स्वतःला बांधून घेतलंय. पुरीनं तसं काही बांधून घेतलेलं नाही.

नणंदेचं म्हणणं अर्धं खरं आहे. मांजराला जागा प्यारी असते. पण माणूस प्यारा नसतो, हे चूक. पुरी सापडली त्याच वर्षी, 2019 मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठानं मांजरांच्या पिल्लांवरचं एक संशोधन छापलं. पिल्लाला अनोळखी खोलीत थोडा वेळ एकटं ठेवायचं आणि मग त्याचा माणूस परत आत पाठवायचा. सुमारे 64 टक्के पिल्लं त्या माणसाला बघून निवांत झाली आणि पुन्हा खोलीभर हिंडायला लागली. थोडक्यात, मांजर माणसाला धरून असतं. कोणत्या माणसाला, एवढंच बघायचं.

जागेचा धडा मी स्वतः पदरमोड करून शिकले. साताऱ्याहून सांगलीला बदली झाली तेव्हा आमची ठकी वेताच्या करंडीत, झाकण सुतळीनं बांधून, ट्रकच्या केबिनमध्ये माझ्या पायाशी होती. कराडपर्यंत ओरडली, इस्लामपूरला गप्प झाली. नव्या घरात तीन दिवस पलंगाखाली बसली. चौथ्या दिवशी सकाळी ती दाराशी येऊन माझ्याकडे बघायला लागली, मला दया आली आणि मी मागचं दार उघडलं. बारा दिवसांनी ती चार गल्ल्या पलीकडच्या लाकडाच्या वखारीत सापडली. एका कानाचा तुकडा गेलेला, आणि अंगाला भुशाचा वास, तो महिनाभर गेला नाही. चूक सर्वस्वी माझी. नव्या जागी मांजराला पहिले तीन-चार आठवडे बाहेर काढायचं नसतं. आधी एक खोली, मग दुसरी. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं की नाही, देव जाणे.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी अडले, तिथे येते. "पुरी रात्री त्यांच्याच घोंगडीवर झोपते, बाजारातून तिचे मासेही तेच आणतात, म्हणजे त्यांना तिचा त्रासच आहे."

ताई, एकाहत्तर वर्षांचा माणूस पिशवी घेऊन मासळीबाजारात जातो, घरी येऊन काटे काढून देतो, रात्री पाय आखडून झोपतो म्हणजे मांजराला जागा होईल. याला तुम्ही त्रास म्हणता. अण्णा म्हणतात का? पत्रात सगळ्यांची मतं आहेत. यजमानांचं, नणंदेचं, आठ वर्षांच्या पोराचं. अण्णांचं मत मात्र तुम्हीच त्यांच्या वतीनं लिहून टाकलंय.

तुमच्या मनात वाईट काही नाही, उलट काळजीच आहे. सुनेला असंच वाटतं, जाताना मागे ओझं नको. पण सासूबाई गेल्यावर त्या घरात रात्री अण्णांच्या खोलीत श्वास घेणारं दुसरं कोण आहे? मुलगा गेला, आता सून आणि नातू चाललेत. त्यात मांजर मुलाच्या हट्टासाठी जाणार. आणि हे गृहस्थ अंगणात उठून जातात, कारण तिथे बसून 'पुरीला ठेवा' म्हटलं तर नातवाच्या तोंडचा घास काढल्यासारखं होईल. मी त्यांना ओळखत नाही, चुकत असेन. शक्य आहे की मासे आणून आणून ते खरंच वैतागले असतील. पण विचारल्याशिवाय कळायचं नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही प्रश्न उलट्या क्रमानं सोडवताय. अण्णा कुठे राहणार, हे ठरलेलं नाही आणि मांजर कुठे राहणार, याच्यावर चार जणांचा खल चाललाय. मांजराचा प्रश्न सुटण्यासारखा आहे म्हणून तो सगळे हातात घेतात. अण्णांचा अवघड आहे, म्हणून तो तसाच पडलाय. आधी अण्णांचं ठरू दे, दिरांना बसवून, अण्णांच्या समोर. मिरज काही लांब नाही, पण गावभागातलं घर सोडणं त्यांना दुबईइतकंच लांब वाटू शकतं.

विचारायचं कसं, तेही सांगते. "अण्णा, तुम्हाला पुरीचं जमेल का?" असं विचारलंत तर "माझी काळजी करू नका" एवढंच उत्तर मिळेल, त्या पिढीच्या तोंडी तेच ठेवलेलं असतं. त्यापेक्षा कामाचं विचारा. तिची लस कोण करून आणेल? तुम्ही चार दिवस गावाला गेलात तर तिला कोण बघेल? पूर आला तर? या प्रश्नांची उत्तरं ते पटापट द्यायला लागले, तर समजा त्यांनी रात्री-बेरात्री या सगळ्याचा विचार करून ठेवलाय.

माझं मत विचाराल तर असं. मार्चमध्ये तुम्ही दोघं जा, पुरी अण्णांपाशी राहू दे. चिप आणि रेबीजची लस मात्र या महिन्यातच करा, पुढे काहीही ठरलं तरी ती वाया जात नाही. ती पिल्लं देणारी असेल तर शस्त्रक्रियाही उरकून घ्या. दिवाळीला याल तेव्हा घर बघा, अण्णांना बघा, मांजर बघा. अण्णा गावभागातच राहिले आणि दोघांचं बरं चाललं असेल, तर पुरी सांगलीकरच राहील. अण्णा मिरजेला गेले आणि दिरांच्या घरी मांजर चालत नसेल, तर तेव्हा न्या. रक्ततपासणी पावसाळ्यात उरकलेली असली तर परवाना वेळेत मिळेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुबईची हवा छान असते. उन्हाळ्यात धावपट्टीवर पिंजरा तापतो, तो धोका खरा आहे आणि तो टाळता येतो.

पुरी मागे राहिली तर अण्णांसाठी चार गोष्टी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. तिला कणकण वाटली म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल द्यायची नाही. मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. दोन दिवस तोंड लावलं नाही तर वाट न बघता डॉक्टर, कारण उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं. (हे दुबईत पोचल्यावर तुम्हालाही लागू.) तोंड उघडून कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली तर ऊन बाधलंय, पंजे ओले करायचे, सावलीत न्यायचं, लगेच दवाखाना. आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे चढायला लागलं की पिंजरा माळ्यावरून खाली. 45 फूट ही धोका पातळी, पण तोवर थांबायचं नाही. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा किती जणांना जनावरं दावणीला सोडून निघावं लागलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. घाईच्या वेळी मांजर हाताला लागत नाही.

मुलाला 'नंतर आणू' असं वचन देऊ नका. 'दिवाळीला बघू' म्हणा, ते खरं आहे. आणि यजमानांच्या 'तिथलंच पाळू' वर रागावू नका. दुबईच्या रस्त्यांवर बेवारस मांजरं भरपूर आहेत, त्यातल्या एखाद्याला घर मिळालं तर वाईट काय? फक्त तिला पुरी म्हणू नका.

अशीच पत्रं आणखी तिघांची आहेत, त्यांना इथेच थोडक्यात. सिंगापूरला निघालेल्यांनी लक्षात घ्या, तिथल्या सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये मांजर पाळायला 1 सप्टेंबर 2024 पासून कायद्यानं परवानगी आहे, घरटी दोनच, आणि परवाना काढून. ऑस्ट्रेलियात भारतातून मांजर थेट जातच नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या एखाद्या देशात 180 दिवस राहावं लागतं, तेव्हा दोन वर्षांच्या नोकरीसाठी जनावराचे ते हाल करू नयेत, असं माझं स्पष्ट मत. चपट्या नाकाचं पर्शियन असेल तर बऱ्याच विमान कंपन्या उन्हाळ्यात घेत नाहीत, आणि त्यात त्यांचं चूक नाही. त्या मांजराला साध्या उकाड्यातही श्वास पुरत नाही. कायमचं परत यायचं झालं तर माणशी दोन प्राणी आणता येतात, पण ना-हरकत दाखला निघण्याआधीच घ्यावा लागतो.

ताई, एक काम मात्र उद्यापासूनच करा. पुरी जाणार असो वा नसो, पुराला उपयोगी पडेल असा पिंजरा आणा. तिला आत उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे. दार उघडं ठेवून माजघरात ठेवून द्या आणि तिला आत ढकलू नका. दुपारचा मासा पिंजऱ्याच्या तोंडाशी, आठवड्यानं थोडा आत. अंगणात जाणाऱ्या मांजराला लिटरची (घरातल्या मांजराच्या शी-शूच्या भांड्यात घालतात त्या विकतच्या दाणेदार मातीची) सवय नसते, म्हणून एका परातीत अंगणातलीच माती घालून ठेवा आणि दर चार दिवसांनी तिच्यात मूठभर लिटर मिसळत जा. पिंजऱ्यात अंथरायला बाजारातली गादी नको. ओळखीचा वास असलेलं जुनं कापड हवं, अण्णांचं एखादं विरलेलं धोतर. ते मागायला त्यांच्याकडे जा, आणि कशासाठी हवंय ते सांगा.